खंडेनवमीला दिलेला शब्द

पोलिसाच्या नोकरीत पुष्कळ काही विसरावं लागतं. येवल्यातलं ते प्रकरण मात्र मला विसरता आलेलं नाही. वीस वर्षं भरताच मी स्वेच्छानिवृत्ती घेतली. आता नाशिक रोडला राहतो, वस्त्यांमधून कायद्याची पत्रकं वाटतो. त्यामागे हे प्रकरणही आहे.

तेव्हा मी येवल्याकडच्या एका ठाण्यात सहायक निरीक्षक होतो. सकाळची हजेरी आटोपली आणि पैठणीचा एक व्यापारी तक्रार घेऊन आला. त्याच्या दुकानामागच्या हॉलचं कुलूप तोडून एक विणकर परवा आत घुसला होता, माग मांडून बसला होता आणि उठत नव्हता.

"लेखी काही नाही साहेब. भाडं नाही, करार नाही. माझी मालमत्ता आहे, त्याला उठवा."

मला तक्रार सरळ वाटली. मी विणकराला बोलावलं आणि नीट ऐकून न घेताच दम दिला, "दोन दिवसांत माग काढायचा."

तो खाली मान घालून म्हणाला, "ताणा कापावा लागंल, साहेब."

ताणा म्हणजे मागावर ताणून बसवलेले उभे रेशमी धागे, आणि ते कापले की अर्धी साडी वाया, हे तेव्हा मला माहीत नव्हतं. मी विचारलंही नाही. ही चूक माझी, ती मी लपवणार नाही.

दुपारी ठाण्यात फोन आला. बाईचा आवाज होता. "हॉल काय बघता? त्या विणकराच्या घरातली फरशी बघा." नाव न सांगता तिनं फोन ठेवला; ती कोण, ते मला कधीच कळलं नाही.

मी हवालदारांना घेऊन निघालो. ते स्वतः विणकर घराण्यातले. आधी आम्ही हॉलमध्ये गेलो. मागावर अर्धी झालेली साडी होती. हवालदार तिच्याकडे बघून हसले.

"साहेब, हा ताणा एका रात्रीत चढत नाय. अन् ही साडी दोन महिन्यांचं काम हाय. कुलूप परवा तुटलं म्हणतो ना हा व्यापारी? मग दोन महिने काय भूत विणत होतं?"

तिथून विणकराच्या घरी गेलो. एकच खोली, आणि तिच्या मधोमध नव्या फरशीचा चौकोन. विणकराची बायको म्हणाली, "इथं मागाचा खड्डा होता. त्यात पाय सोडून माझे सासरे विणायचे, मग हे. हॉलच्या मालकानंच गवंडी धाडला. म्हणाला, आता खड्डा कशाला, बुजवून टाका, पोरांना झोपायला जागा व्हईल."

तिनं सांगितलं, खंडेनवमीला मागाची पूजा झाल्यावर चार विणकरांदेखत व्यापारी बोलला होता, "तुमच्या खोलीत ओल आहे, रेशीम खराब होतं. माग माझ्या हॉलमध्ये आणा. हयातभर बसा, कोणी उठवणार नाही."

"मग लिहून का नाही घेतलं?" मी विचारलं.

"हळदकुंकू वाहिलेल्या मागापुढं बोलला तो. त्याला वर कागद मागायचा का, साहेब?" ती म्हणाली. "आता हॉलातनं उठवलं, तर यांनी बसायचं कुठं? दुसरं काम येत नाय यांना."

मी गवंड्याचा जबाब घेतला. त्यानं व्यापाऱ्याच्या सांगण्यावरून खड्डा बुजवल्याचं कबूल केलं. मग व्यापाऱ्याला समोर बसवलं.

"कुलूप कधी तुटलं?"

"परवा."

"साडी दोन महिन्यांची आहे."

तो घड्याळ बघायला लागला.

"चावी कोणी दिली?"

तो म्हणाला, "मीच दिली. दया केली. आता मुलाला तिथं शोरूम काढायचंय. पण साहेब, बदल्यात त्यानं मला काय दिलं? काहीच नाही. फुकट दिलेल्या शब्दाला कायद्यात किंमत नसते. वकिलाला विचारा."

मी खरंच विचारलं. मोफत कायदा सल्ला केंद्राच्या वकीलबाई म्हणाल्या, "त्यानं अर्धाच कायदा वाचलाय. करार बांधायला प्रतिफल लागतं, म्हणजे दोन्ही बाजूंनी काहीतरी द्यावं लागतं, हे खरं. पण तुमच्या शब्दावर विसंबून दुसरा आपलं असलेलं मोडून बसला, आणि तो तसं करणार हे तुम्हाला ठाऊक होतं, तर कोर्ट तुम्हाला शब्द फिरवण्यापासून अडवू शकतं. त्याला वचन-विबंध म्हणतात. इथं तर खड्डा बुजवायला गवंडी यानंच धाडला. फक्त हे दिवाणी कोर्ट ठरवेल, तुम्ही नाही."

मी माझा दम मागे घेतला. कुलूप तुटलंच नव्हतं, असा अहवाल दिला. वकीलबाईंनी दावा लावला, गवंड्यानं साक्ष दिली, आणि निकालापर्यंत विणकराला उठवू नये असा कोर्टाचा आदेश आला. पुढे तडजोड झाली. व्यापाऱ्यानं स्वखर्चानं घरातला खड्डा पुन्हा खणून, ओल काढून द्यायची आणि ताणा संपेपर्यंत, म्हणजे साधारण वर्षभर, विणकरानं हॉलमध्येच विणायचं. हयातभराचा शब्द वर्षभरावर आला. याला मी पुरता न्याय म्हणणार नाही. पण ताणा कापला गेला नाही.

या प्रकरणानं मला माझ्याच खात्याची एक खोड दाखवली. गरीब माणूस तक्रार घेऊन आला की आम्ही म्हणतो, "दिवाणी वाद आहे, कोर्टात जा." मालमत्तावाला आला की दिवाणी कोर्ट आठवत नाही, आम्ही काठी घेऊन निघतो.

पुढे "फुकट दिलं होतं, आता परत घेतो" असं म्हणत कुणी आला, की मी पहिला प्रश्न एकच विचारायचो. तुमच्या शब्दावर त्यानं स्वतःचं काय मोडलं? बहुतेकांना ते नेमकं ठाऊक असायचं. म्हणूनच ते कोर्टात न जाता ठाण्यात यायचे.