अकरा जणांची यादी

वर्णन पुढीलप्रमाणे: पुरुष, वय बावन्न, उंची बेताची, हुद्दा वरिष्ठ आवक लिपिक. ओळखीची खूण, उजव्या अंगठ्यावर शिक्क्याच्या शाईचा डाग, धुऊनही न जाणारा. कार्यालयात प्रचलित नाव, आवकसाहेब. विशेष अर्हता: ईमेलच्या पेटीत केवळ अकरा जणांना प्रवेश.

ही अर्हता त्यांनी स्वकष्टाने मिळवली होती. रोज दोनशे मेल येऊन डोकं उठायचं, म्हणून यादी केली. यादीबाहेरचा मेल परस्पर वेगळ्या कप्प्यात जाई आणि पाठवणाऱ्याला आपोआप उत्तर मिळे: ‘आपण माझ्या यादीत नाही. मी आपल्याला वेळ का द्यावा, ते एका ओळीत कळवावे.’ या मजकुराचे त्यांनी तीन खर्डे केले होते.

“मी दोन टेबलं सोडून बसते, आणि मलाही हेच?” टायपिस्टबाईंनी विचारलं.

“मग उठून या की.”

आवकसाहेबांची धाकटी बहीण नऊ वर्षं वाट पाहून मूल दत्तक घेणार होती. “दादा, संस्था तुला मेल करेल. आमच्याबद्दल चार ओळी लिही. पंधरा दिवसांत हं.”

दादा रोज पेटी उघडत. चार मेल, सगळे स्वच्छ. त्या कप्प्यात मात्र डोकावत नसत. केराच्या टोपलीत हात कोण घालणार? बहिणीने दोनदा विचारलं. “नाही गं आला. ढिसाळ दिसते तुझी संस्था,” असं म्हणून त्यांनी वर तिलाच धीर दिला.

सतराव्या दिवशी ती कार्यालयात आली. बसली नाही. फोन पुढे धरला. संस्थेच्या बाईंनी आवकसाहेबांचं ते आपोआप गेलेलं उत्तर तिला धाडलं होतं, आणि खाली आपण त्यावर कळवलेली एक ओळ: ‘आपल्या बहिणीकडे मूल सोपवावं का, एवढंच विचारायचं होतं.’

“हे तू लिहिलंस, दादा?”

‘मशीनने लिहिलं’ असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं. तीन खर्डे आठवले, आणि मिटलं.

“त्यांना वाटलं, घरच्यांचा विरोध आहे. बाळ दुसऱ्यांकडे गेलं.” मग आवाज न चढवता, “बारावं नाव घालायला जागा नव्हती का रे?”

टायपिस्टबाईंचे हात थांबले होते. आवकसाहेब अंगठ्यावरचा डाग चोळत राहिले.

आता यादी नाही. रोज दोनशे मेल येतात आणि गाद्यांवरच्या सवलतीपर्यंत सगळे ते वाचतात. बहिणीचा नंबर पुन्हा लागायला चौदा महिने आहेत. या वेळी चार ओळींसाठी तिने नणंदेचं नाव दिलं आहे.