दोन वायरींची अदलाबदल

मी मोटारी भरणारा माणूस. माजलगावात आमचं वायंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरची जळालेली मोटार आली की जुनी तार उपसून नवी भरायची. असल्या माणसानं ॲनालॉग मॉड्युलर सिंथेसायझर घ्यावा, याचं बायकोला अजून हसू येतं. त्याला पेटीसारख्या पट्ट्या नाहीत. नुसती बटणं, भोकं आणि त्यांत खुपसायच्या तारा. एक भाग आवाज काढतो, दुसरा तो गाळतो, तिसरा लहान-मोठा करतो. पुण्यातल्या एकानं वापरलेला असा तीन भागांचा डबा मी एसटीत मांडीवर धरून आणला. शेजारी म्हणाला, "काहून रे, कुणाचा मीटर बोर्ड उचलून आणला?"

आबांना मात्र तो लई आवडला. आबा म्हणजे माझे वडील. धंदा त्यांनीच शिकवला. आयुष्यभर मोटारींच्या घरघरीत राहून त्यांचे कान पार गेले आहेत. संध्याकाळी मी जाड, खालचा सूर लावायचो आणि ते स्पीकरवर तळहात ठेवून बसायचे. मोटार तपासतानाही ते असाच हात ठेवत. "आली," म्हणायचे आणि हसायचे. आम्हा बापलेकांत बोलण्यासारखं तेवढंच उरलं होतं.

मग मला हाव सुटली. अजून एक फिल्टर, म्हणजे आवाज गाळणारा भाग, मागवला. जुन्या डब्यात जागा नव्हती, म्हणून सगळं उसकटून प्लायवूडचा मोठा डबा करायला घेतला. त्यात ऊसतोडीचा अख्खा हंगाम गेला. आबा रोज कोपऱ्यातल्या मुक्या स्पीकरकडे बघायचे. त्यांची शुगर वाढली होती. एकदा कढत चहाचा स्टीलचा पेला त्यांनी उघड्या हातानं बराच वेळ धरून ठेवला. कामानं हात राठ झालेत, असं मला वाटलं.

शेवटी एका दुपारी जोडणी झाली. आबा खुर्ची ओढून बसले. फिल्टरला मागून चपटी केबल लावली, बटण दाबलं. फिल्टरवर दिवा लागला नाही. त्याला दिवाच नव्हता, हे मागून कळलं. पण आमच्या हातांना एकच गोष्ट ठाऊक. तीन फेजची मोटार उलटी फिरली की कुठल्याही दोन वायरी आपसांत बदलायच्या, ती सुलट होते. मी केबल काढली, फिरवून उलटी खोचली आणि बटण दाबलं.

वास आला. जळाल्याचा वास आमच्या नाकाला पाठ आहे. मी बटण बंद केलं. फिल्टर तर गेलाच, पण वीज देणाऱ्या त्याच पट्टीवर बाकीचे तिन्ही भाग होते. आबांची संध्याकाळ मी माझ्या हातानं जाळली, एवढंच डोक्यात घुमत होतं. फिल्टर काढून टाकला तरी पुन्हा बटण दाबायची हिंमत होईना. घाम कपाळावरून डोळ्यांत उतरत होता. आबांनी स्पीकरवर तळहात ठेवला आणि हनुवटीनं खुणावलं. चालू कर.

मी डोळे मिटून बटण दाबलं.

सूर आला. तसाच जाड, सलग. टेबलावरचा पाना थरथरायला लागला. मला रडू फुटायचंच बाकी होतं. मी आबांकडे पाहिलं.

त्यांनी मान हलवली. "न्हाई रे. जळालं."

मी आवाज वाढवला. फळीवरची डब्यांची झाकणं वाजू लागली. आबांनी दुसराही हात ठेवला, दाबून धरला. "काहीच न्हाई," ते म्हणाले.

तो कढत पेला मला आत्ता आठवला. त्यांचे हात कामानं राठ नव्हते, शुगरनं बधिर झाले होते. सूर चालूच होता. मी त्यांच्या दोन्ही हातांकडे बघत राहिलो.

आबांना माझा चेहरा दिसला असावा. त्यांनी माझा खांदा थोपटला. "घाबरू नको," म्हणाले, "दोन वायरी बदलून बघ."