सासूची साक्ष, सुनेच्या गोळ्या

ज्या बाईला घाई असेल तिने बाओजूच्या पार्लरमध्ये पाऊल टाकू नये, हे आमच्या मिनशुंग गावच्या बाजारगल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. हात चांगला होता तिचा. कात्री अशी चालवायची की साठीची बाई पंचेचाळिशीची होऊन उठायची. फक्त उठायची कधी, ते सांगता यायचं नाही. डाव्या बाजूचे केस कापून झाले की बाओजूला आठवायचं, टॉवेल वाळत घालायचे राहिलेत. टॉवेल घालायला गेली की दिसायचं, कुंडीतलं रोप सुकलंय. पाणी आणायला गेली की फोन वाजायचा. इकडे बाई आरशात स्वतःचं अर्धं डोकं बघत बसलेली.

माझं न्याहारीचं दुकान बरोब्बर समोर. अंड्याच्या पोळ्या लाटता लाटता मी हा तमाशा फुकटात बघायचे. तिच्या किल्ल्या माझ्या सोयादुधाच्या पातेल्यामागे सापडायच्या, मोबाइल तांदळाच्या डब्यात. एकदा तर स्कूटर चालू ठेवून घरात गेली आणि पेट्रोल संपून ती आपोआप बंद पडली, तेव्हा हिला शांतता जाणवली.

तिची सासू, क्वो मावशी, दाराशी प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसून लसूण सोलायची आणि सुनेवर तोंड सोडायची. "डोकं आहे की चाळण? दुसऱ्यांची डोकी सांभाळतेस, स्वतःचं कुठे ठेवून आलीस?" असं दिवसभर. म्हातारीचा आवाज मंदिराच्या कर्ण्यासारखा. बाओजू हसायची, "हो आई, हो आई" करायची आणि पुढची चूक करायला मोकळी व्हायची. नवरा आखुन अननसाचा ट्रक चालवायचा. घरात अशी तोफ धडाडत असताना आपण रस्त्यावर असलेलं बरं, हे त्याला लग्नानंतर लवकरच कळलं होतं.

मग श्वे बाईंचं प्रकरण झालं. श्वे बाई म्हणजे मंदिर समितीच्या अध्यक्षांची बायको. भाच्याच्या लग्नासाठी केस कुरळे करायला आल्या. बाओजूने रोलर लावले, वरून ते उग्र वासाचं रसायन ओतलं, "डोळे मिटून पडा" म्हणाली आणि पातीचा कांदा आणायला म्हणून बाहेर पडली. बाजारात एका म्हाताऱ्याचं बदक सुटलं होतं, ते पकडायला ही धावली. बदक पकडलं, तर म्हाताऱ्याने चहा पाजला. चहावरून गप्पा निघाल्या. इकडे श्वे बाई घोरत होत्या. मला वासाने शंका आली म्हणून मी आत डोकावले, तोवर उशीर झाला होता. रोलर काढले तसे केसही रोलरबरोबर आले.

लग्नात त्यांनी टोप घातला. जेवणाच्या टेबलावरची फिरती काच ढकलताना टोप सरकला आणि म्हणे नवरीच हसली. दुसऱ्या दिवशी श्वे बाईंनी गल्लीत उभं राहून जे ऐकवलं, ते मी इथे लिहीत नाही. मलाही त्यातले दोन शब्द नवीन होते.

त्या दिवशी बाओजू पहिल्यांदा हसली नाही. दुकानाचं शटर अर्धं ओढून आत बसून राहिली. मी मुळ्याचे तळलेले काप घेऊन गेले तर म्हणाली, "शूचिन, मी मुद्दाम करते का गं?"

"इतकं मुद्दाम करायला अक्कल लागते. तुझं ते काम नाही," मी म्हणाले. दिलासा द्यायची माझी हीच पद्धत.

मग तिने सांगितलं. शाळेतल्या समुपदेशक बाई तिच्याकडे केस धुवायला येत. त्या महिन्यापूर्वी म्हणाल्या होत्या, "ताई, आमच्या शाळेत तुमच्यासारखी मुलं आहेत. लक्ष टिकत नाही, चंचल असतात. त्यांना मानसोपचाराचे डॉक्टर गोळ्या देतात. मोठ्या माणसांनाही असतं ते." बाओजूने तेव्हा हसण्यावारी नेलं होतं. एक्कावन्नाव्या वर्षी कोण शाळकरी पोरांचा आजार घेऊन फिरणार? आता तिला जायचं होतं.

पहिला डॉक्टर आमच्याच गावाजवळचा. वयाने इतका मोठा की त्यालाच कुणीतरी हाताला धरून आणलं असावं. त्याने विचारलं, "दुकान चालवता? दोन मुलं वाढवलीत? मग तुम्हाला कसला आजार? पाळी गेली का?" आणि झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या. बाओजूने त्यातली एक घेतली. त्या रात्री देवाची पालखी ढोल-फटाक्यांसकट तिच्या दारावरून गेली, गल्लीतली कुत्री पलंगाखाली शिरली, आणि ही घोरत पडली. क्वो मावशी म्हणाली, "आधी अर्धं डोकं होतं, तेही डॉक्टरने काढून घेतलं."

दुसरी डॉक्टर जियाई शहरातली. ज्येन नावाची, तरुण, तिच्याकडे असे मोठ्या वयाचे रुग्ण येतात असं ऐकलं. वेळ घेतली. बाओजू ती वेळ विसरली. पुन्हा घेतली, तर एक आठवडा आधीच जाऊन बंद दारावर थापा मारून आली. तिसऱ्यांदा बरोबर दिवशी, बरोबर इमारतीत गेली आणि लिफ्टमधून एक मजला आधीच उतरली. तिथे दातांचा दवाखाना होता. नाव पुकारल्यासारखं वाटलं म्हणून ही खुर्चीत जाऊन पडली. संध्याकाळी चकचकीत दात घेऊन परत आली.

"हा आजार असणाऱ्यांनी वेळेवर यायचं म्हणे," ती माझ्यावरच चिडली. "लंगड्याला डोंगरावर बोलावून तपासण्यासारखं आहे हे!"

शेवटी माझ्या गाडीतून मीच तिला घेऊन गेले. ज्येन डॉक्टरने खूप प्रश्न विचारले, कुठल्याशा चाचण्या घेतल्या आणि सांगितलं, "या गोळ्यांवर सरकारची कडक नजर असते. परीक्षेला जागायला म्हणून, बारीक व्हायला म्हणून, कुणीही येऊन मागतं. मला खात्री करून घ्यावी लागते. हा आजार लहानपणापासून असतो. तुम्हाला लहानपणी बघितलेलं कुणी आहे का? आई? मोठी बहीण?"

बाओजूचे आईवडील गेलेले. धाकटा भाऊ तैपेईत, त्याला तेव्हाचं काय आठवणार? मग बाओजू हळूच म्हणाली, "सासू आहे. आमच्याच गल्लीतली. मला फ्रॉकमध्ये बघितलंय तिने."

गाडीत बसल्यावर तिने कपाळावर हात मारला. "मी काय बोलून बसले? तिला डॉक्टरसमोर न्यायचं? ती मला जिवंत ठेवेल का?"

"पण तुझ्या चुका तिच्याइतक्या कुणाला पाठ आहेत?" मी म्हणाले.

क्वो मावशीला सांगितलं तेव्हा ती आधी भडकली. वेड्यांच्या डॉक्टरकडे आपल्या घरातलं कुणी गेलं नाही, लोक काय म्हणतील, वगैरे. मी म्हटलं, "मावशी, डॉक्टरला तुमच्या सुनेबद्दल सगळं ऐकायचंय. एकूण एक."

लसूण सोलायचे हात थांबले. "एकूण एक?"

"आणि ती लिहूनही घेणार."

म्हातारीने जायच्या दिवशी ठेवणीतला जांभळा ब्लाउज घातला, केस सुनेकडूनच सेट करून घेतले. दवाखान्यात डॉक्टरने मला विचारलं, "तुम्ही कोण?" मी म्हटलं, "ड्रायव्हर." कुणी हाकललं नाही, म्हणून आतच बसले.

क्वो मावशीने खुर्ची पुढे ओढली आणि सुरू झाली. सत्तावीस वर्षं साठलेलं धरण फुटलं. करपलेली भांडी, दोनदा भरलेलं वीजबिल, न भरलेलं वीजबिल, पूर्वजांच्या पूजेला उकडलेली कोंबडी ठेवायची तर पिशवीतून निघालेली कपडे धुवायची पावडर, बाळाला घेऊन बसमध्ये चढली आणि बाळाची पिशवी घेऊन उतरली. ("बाळ पुढच्या थांब्यावर मिळालं," बाओजू घाईघाईने म्हणाली.) डॉक्टर लिहीत होती, मान डोलवत होती, मधेच "मग?" विचारत होती. इतक्या वर्षांत मावशीला असा श्रोता मिळाला नव्हता. तिचे गाल लाल झाले होते.

"हे सगळं लग्नानंतरचं," डॉक्टर म्हणाली. "लहानपणी कशी होती?"

"लहानपणी? अहो, लहानपणी बघितली होती म्हणूनच तर मी या लग्नाला नको म्हणत होते! हिची आई धाकट्याला हिच्याकडे सोपवून शेतात जायची. ही त्याला मंदिरासमोर नाटक बघायला न्यायची आणि एकटीच परत यायची. शाळेत निघाली की दप्तर विसरायची, दप्तर घ्यायला परत आली की शाळाच विसरायची. माझ्या दारात बसून मांजरीशी बोलायची."

"मग मास्तर काय करायचे?"

"मारायचे. दुसरं काय करणार?" मावशीचा आवाज जरा खाली आला. "रोज मारायचे. उन्हात उभी करायचे. तळहात सुजलेले असायचे पोरीचे, पेरूसुद्धा धरता यायचा नाही. मी कापून द्यायचे. विचारायचे, का गं अशी करतेस? तर म्हणायची, मी लक्षात ठेवते काकू, पण ते राहतच नाही."

बाओजू मान खाली घालून बोटातली अंगठी फिरवत होती. पेरूची गोष्ट तिला आठवत नव्हती, हे तिने मला नंतर सांगितलं. आठवली असती तर इथवर येण्याची गरजच काय होती?

डॉक्टरने पेन ठेवलं. "आजी, तुमच्या सूनबाई आळशी नाहीत, बेफिकीरही नाहीत. हा आजार आहे, जन्मापासूनचा. त्यांना औषध देता येईल."

क्वो मावशीने खुर्ची मागे सरकवली. मग म्हणाली, "म्हणजे मी सत्तावीस वर्षं ओरडले ते फुकट?"

"अगदी फुकट नाही," डॉक्टर हसू दाबत म्हणाली. "आज उपयोगी पडलं."

परत येताना आम्ही हंसाच्या मटणाच्या खानावळीत थांबलो. म्हातारीने भात निम्मा टाकला. चोर पकडला आणि तोच घरमालक निघाला, असं तोंड झालं होतं.

देवाला विचारल्याशिवाय गोळी घ्यायची नाही, एवढं मात्र तिने बजावलं. मंदिरात तिने स्वतः उदबत्त्या लावल्या आणि कौलाचे दोन लाकडी चंद्रकोरी तुकडे जमिनीवर टाकले. एकाची सपाट बाजू वर आणि दुसऱ्याची खाली पडली तर देव हो म्हणतो. दोन्ही सपाट बाजू वर आल्या. म्हणजे देव नुसता हसला, उत्तर नाही दिलं. पुन्हा टाकले, पुन्हा हसला.

"हसतोय काय!" मावशी देवावरच डाफरली. "एवढी वर्षं समोर राहतोस, तुला माहीत होतं ना? मग सांगायला काय झालं होतं?" आणि तिसऱ्यांदा असे आपटले की देवाने निमूटपणे हो म्हटलं.

पहिल्या गोळीच्या दिवशी मी दुकानातून टक लावून बघत होते. बाओजूने एका बाईचे केस धुतले, कापले, वाळवले. सलग. मधे एकदाही बाहेर आली नाही. टॉवेल वाळत घातले, तेही संपेपर्यंत. दुपारी रस्ता ओलांडून माझ्याकडे आली, बाकावर बसली आणि रडायला लागली.

"काय झालं? छातीत धडधडतंय का?"

"नाही गं. शूचिन, तुम्ही सगळ्या जणी हे असं डोकं घेऊन फिरता? एका वेळी एकच गोष्ट? इतकं सोपं असतं?" नाक पुसून ती चिडली. "मला कुणी सांगितलं का नाही?"

मी तिच्यापुढे एक अंड्याची पोळी सरकवली. तिने खाल्ली नाही. त्या गोळीने भूक मरायची.

त्यावरून नवंच सुरू झालं. गिऱ्हाइकं कुरकुरायला लागली. केस छान होतात, वेळेवर होतात, पण बाओजू बोलतच नाही. "मयताच्या घरी बसल्यासारखं वाटतं," पोस्टातली बाई माझ्याकडे येऊन म्हणाली. "पूर्वी अर्धा दिवस जायचा, पण गावभरची बातमी कळायची." घरी मावशी तीनदा जेवण गरम करायची आणि बाओजू दोन घास खाऊन उठायची. आखुन ट्रकवरून घरी आला, घरातली शांतता बघून घाबरला आणि त्याने मला फोन केला, "कुणी गेलं का?"

बाओजू पुन्हा ज्येन डॉक्टरकडे गेली, या वेळी बरोबर दिवशी, बरोबर मजल्यावर. डॉक्टरने मात्रा कमी केली आणि सांगितलं, आधी पोटभर खा, मग गोळी घ्या. कुठल्या दिवशी लागते, कुठल्या दिवशी नाही, तेही दोघींनी मिळून ठरवलं. आता रंग आणि कुरळे करायचं काम ती गोळीच्या दिवशी घेते. नुसतं धुणं-कापणं असलेल्या दिवशी गोळी नाही. त्या दिवशी गल्लीतल्या बायका गर्दी करतात, अर्ध्या डोक्याने बसतात आणि गप्पा ऐकतात. किल्ल्या अजून माझ्याच पातेल्यामागे सापडतात. श्वे बाई परत आल्या, पण गोळीचा दिवस आहे का, हे दारातूनच ओरडून विचारतात. सगळ्या गल्लीला कळलं. आता लपवण्यासारखं उरलंच काय?

क्वो मावशीचे मात्र काही महिने वाईट गेले. सुनेच्या हातून काही सांडलं की तोंड उघडायची आणि मिटायची. आजारी माणसावर ओरडायचं कसं? लसूण सोलता सोलता नुसती धुमसायची. मला वाटलं, म्हातारी आतल्या आत फुटेल.

मग परवा भाजीच्या गाडीपाशी फळवाल्या चेंग बाईशी तिचं वाजलं. चेंग बाई सुनेचं गाऱ्हाणं सांगत होती. सून दहा वाजता उठते, घरचं काही बघत नाही. आणि सहज म्हणून गेली, "तुमच्या बाओजूसारखीच हो."

क्वो मावशीने हातातली कोबी खाली ठेवली.

"माझ्या सुनेसारखी?" कर्णा पुन्हा सुरू झाला होता, मी तव्यावरून ऐकलं. "माझ्या सुनेला आजार आहे. शहरातल्या डॉक्टरने तपासून सांगितलंय, मी स्वतः साक्षीला होते. सरकारची कडक नजर असलेली गोळी घेते ती! तुझी सून नुसती आळशी आहे. आधी डॉक्टरकडून लिहून आण, मग माझ्या सुनेची बरोबरी कर."

आणि कोबी उचलून, पैसे द्यायचे विसरून, ती तरातरा घरी निघाली.