बोगद्यात सोडलेला भाऊ

मार्गासनीच्या थांब्यावर संजय एसटीची दांडी धरून नुसता उभा राहिला. वर चढेना. आई मागून ढकलत होती आणि आमचे वडील, आबा, रस्त्यावरूनच ओरडले, "चढ की मुडद्या! पुण्याला चाललायस, फासावर न्हाई." गाडीतली माणसं हसली. मीही हसलो. पुण्यात माझा जम बसला होता आणि धाकट्या भावालाही कंपनीत चिकटवायचं ठरलं होतं.

कात्रजच्या बोगद्यात गाडी शिरली तसा त्यानं माझा दंड आवळला. ओठ पांढरे पडलेले, अंग घामानं निथळत होतं. "दादा, मी मरतोय. उतरव मला." बोगदा संपला आणि थोड्या वेळात तो ठीकही झाला. मला लाज वाटली, ती शेजारच्या सीटवरच्या माणसांची.

माझ्यासारखे गाव सोडून आलेले तुम्ही सगळे, तुम्हाला ठाऊक आहे आपण येताना काय काय आणतो. तांदूळ, मसाला आणि घरची अक्कल. आमच्याकडं एखादा बैल पुलावर बुजायला लागला की आबा त्याला पुलाच्या मधोमध कठड्याला बांधायचे आणि निघून यायचे. बैल दिवसभर फुरफुरायचा, थरथरायचा. संध्याकाळी मान खाली घालून मुकाट चालायचा. "भ्याव मोडलं," आबा म्हणायचे.

एका रविवारी संजयला मोटरसायकलवर मागं बसवलं. बोगद्याच्या मधोमध थांबलो, त्याला खाली उतरवलं आणि गाडी पुढं काढली. पलीकडच्या तोंडाशी तंबाखू मळत उभा राहिलो. तो येईना. शेवटी चालत आत गेलो. तो भिंतीला चिकटून बसला होता, कान दाबून. पँट ओली झालेली. मी म्हणालो, "झालं? मेलास का?"

दुसऱ्या दिवशी बोगदा टाळून आडवाटेनं जाणाऱ्या टेम्पोत बसून तो गावी गेला. त्यानंतर घराजवळचा नदीवरचा पूलसुद्धा त्यानं ओलांडला नाही. मी घरी सांगितलं, कामचोर आहे, नाटकं करतोय. सगळ्यांनी मानलं. पगार आणणारा मी होतो ना. बोगद्याचं त्यानं कुणाला सांगितलं नाही, मीही नाही.

आई गेली ती पुण्याच्या दवाखान्यात. "संजा आला का रं?" एवढंच विचारायची. तो पुलापर्यंत यायचा आणि माघारी फिरायचा, हे त्याची बायको लता फोनवर रडत सांगायची. मी आईला म्हणायचो, "त्याला वेळ न्हाई." दहाव्याला नदीकाठी, सगळ्या भावकीसमोर मी बोललो, "आईपेक्षा जीव प्यारा ह्याला." आबा त्याच्या पायाशी थुंकले. त्यानं मान वर केली नाही.

पुढं लतानंच मोबाईलवरून मनाच्या एक डॉक्टरबाई गाठल्या. औषधं सुरू झाली. घरच्यांशी बोलायचंय म्हणून त्यांनी मलाही फोनवर घेतलं. हा आजार आहे, म्हणाल्या. समोर वाघ नसतानाही शरीर वाघ आल्यासारखं धावत सुटतं. 'घाबरू नकोस' म्हणून उपयोग नाही. जवळ थांबायचं, आणि जिथं भीती वाटते तिथं त्याच्यासोबत थोडं थोडं जायचं.

मी म्हणालो, "मग मी वेगळं काय केलं? भीतीपुढंच नेला की."

पहिल्यांदाच मी बोगद्याची गोष्ट कुणाला सांगितली.  त्यांनी उलट विचारलं, "माघारी कधी फिरायचं, हे कोण ठरवत होतं? तो की तुम्ही?"

त्या रविवारी मी गावी गेलो. म्हणालो, "संजा, पुलापर्यंत मी येतो संगं." तो अंगणात चप्पल घालत होता.

"तू नगं, दादा," तो म्हणाला. आवाज चढवला नाही. "तुजी गाडी वाजली तरी माजं हात गार पडत्यात. ही हाय की संगं."

तो आणि लता रस्त्यानं गेले. मी ओट्यावर बसून राहिलो. पुढच्या रविवारी येऊ का, म्हणून फोन केला, तर लता म्हणाली, "भाऊजी, राग मानू नका. काल ते पूल वलांडून पल्याड गेले. आत्ता तुमी नका येऊ." मागून त्याचं हसणं ऐकू आलं. मोठं झाल्यापासून मी ते ऐकलं नव्हतं.

तुमचं गाव कुठलं, असं विचारलं की मी अजून मार्गासनीच सांगतो. संजय बोलावील तेव्हा जाईन. त्यानं अजून बोलावलेलं नाही, आणि मी विचारायचं थांबवलंय.