अर्ध्या बातमीचा तपास

ती शनिवारची दुपार अजून माझ्या डोक्यातून गेलेली नाही. निवृत्तीनंतर मी घरात गोष्टी सांगणारा माणूस झालो आहे. नातवंडं चोर-दरोडेखोरांच्या ऐकतात, ही मात्र मी फक्त मोठ्यांना सांगतो. सांगताना बायको दर वेळी मध्ये थांबवून माझी एक फजिती त्यात जोडते. ती फजितीच तपासाच्या कामी आली, त्यामुळे इथंही टाळता येणार नाही. नावं मात्र कुणाचीच सांगणार नाही.

मी तेव्हा शिरूर तालुक्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. साहेबाने डबा उघडला की फोन वाजतो, हा आमच्या खात्याचा अलिखित नियम. माझ्या पोटाकडे पाहून तो खरा वाटत नाही, ही गोष्ट वेगळी. पहिला घास घेतला आणि ठाणे अंमलदाराने फोन आत दिला.

"सायेब, तळेगाव ढमढेऱ्यातली एक बाई सकाळधरनं घरात न्हाई," अनोळखी पुरुषाचा आवाज. "मंगळसूत्र देव्हाऱ्यात हाय आन् बाई न्हाई. नवऱ्याला काय विचारू नका, मळ्यातल्या विहिरीत बघा." घर कुणाचं ते सांगून त्याने फोन ठेवला.

निनावी फोन करणारा एक तर खरं जाणणारा असतो, नाही तर त्याचा बांधावरून वाद असतो. आवाजावरून फरक कळत नाही, म्हणून दोघांचंही ऐकावं लागतं. आमच्या महिला हवालदारांना, त्यांना सगळं ठाणं ताई म्हणायचं, मी दोन माणसांसह त्या घरी पाठवलं आणि एक पार्टी गळ घेऊन विहिरीवर.

तेवढ्यात त्या बाईचा नवराच ठाण्यात हजर झाला. रांजणगावच्या एका कारखान्यातला कामगार, अंगात कंपनीचा गणवेश. पोरीने फोन केला म्हणून शिफ्ट सोडून आला होता. मिसिंगची तक्रार द्यायला आला आहे म्हणाला. बाई पस्तिशीची, दोन मुलींची आई.

"भांडण झालं होतं?" मी विचारलं.

"न्हाई सायेब."

"आजारी होती?"

"न्हाई." हे 'न्हाई' जरा घाईने आलं.

"मग मध्यंतरी पुण्याला कसलं ऑपरेशन झालं? शेजारी तसं सांगतात." खरं तर शेजाऱ्यांशी माझं बोलणंच झालं नव्हतं. पण पस्तिशीपर्यंत बाईमाणसाच्या पाठीमागं एखादं ऑपरेशन लागलेलं असतंच, हा अंदाज सहसा चुकत नाही.

तो टेबलाकडे पाहत म्हणाला, "ते... पित्ताचे खडे व्हते."

ताईंना फोन लावला. त्यांनी तिकडे सासूबाईंना विचारलं आणि म्हणाल्या, "साहेब, सासू म्हणते अपेंडिक्स होतं."

एका बाईची दोन ऑपरेशनं, आणि घरातल्या दोघांना एकेकच ठाऊक. खोटं बोलणारे बहुधा खोट्यामुळे सापडत नाहीत. कोणतं खोटं बोलायचं हे आपसात ठरवायला विसरतात, म्हणून सापडतात. माझा त्याच्यावरचा संशय आता पक्का होत चालला होता. त्याला जीपमध्ये घातलं आणि तळेगावला निघालो. डबा तसाच राहिला.

दारात गर्दी होती. थोरली मुलगी उंबऱ्यात उभी, धाकटीचा हात घट्ट धरून. बापाला पोलिसांच्या गाडीतून उतरताना पाहिलं आणि तिचा चेहराच उतरला.

"आई काय म्हणून गेली, बाळा?"

"बाजारला जाते म्हणली. शाळा सुटायच्या आत येते म्हणली. आज शनवार, सकाळची शाळा, तिच्या ध्यानातच न्हाई राह्यलं." मग हळूच, "बाबांना नेणार का तुम्ही?"

"नाही," मी म्हणालो. खरं तर त्या वेळी मी नेणारच होतो.

विहिरीवरून निरोप आला. गळ टाकून झाला, काही लागलं नाही, पण गाळ फार आहे, पाणी उपसावं लागेल. गर्दीतून एक बाप्या मोठ्याने म्हणाला, "आता लागंल की!" आवाज ओळखीचा वाटला. फोनवरचाच. त्याच्याकडे नंतर पाहू म्हणून मी आत गेलो.

देव्हाऱ्यात एक डबी. तिच्यात मंगळसूत्र, कानातलं, जोडवी. नेमकं अंगावरचं सगळं धातूचं. पळून जाणारी बाई दागिना मागं ठेवत नाही. जीव द्यायला निघालेली पुष्कळदा ठेवते. त्यामुळे विहिरीची शक्यता वाढलीच. पण डबीशेजारी एका ताटलीत हळकुंडाचा मोडलेला अर्धा तुकडा होता आणि हळदीत बुडवलेल्या दोऱ्याचं टोक. दोऱ्याची हळद अजून बोटाला लागत होती.

आता फजिती. माझ्या बायकोचं पिशवीचं ऑपरेशन झालं तेव्हा नर्सने मंगळसूत्र उतरवायला सांगितलं. बायको म्हणाली, "गळा मोकळा ठेवणार न्हाई मी. हळकुंड आणा, दोऱ्यात बांधते." मी गणवेशात धावत गेलो आणि दुकानातून हळदीची पुडी घेऊन आलो. वर तिला विचारलं, "किती चमचे लागेल?" त्या वॉर्डातल्या बायका टाके विसरून हसल्या. त्या दिवसापासून हळकुंड म्हणजे काय, हे मला कुणी शिकवावं लागत नाही.

मळ्यात जीव द्यायला निघालेली बाई हळकुंड बांधत नाही, आणि पळून जाणारी तर नाहीच. ही बाई ऑपरेशनला गेली होती. नवऱ्याला न सांगता.

त्याला मागच्या खोलीत घेतलं, दार लावलं, आणि आवाज खाली आणला. "पित्ताचे खडेही नव्हते आणि अपेंडिक्सही नाही. कसलं ऑपरेशन होतं?"

तो खाली बसला. मग म्हणाला, "कॅन्सर व्हता सायेब. हितं." त्याने हात स्वतःच्या छातीकडे नेला आणि मध्येच सोडला. "काढावं लागलं. पुण्याच्या डॉक्टरांनी आतून सिलिकॉनचं बसवलं, म्हंजी वरनं कळत न्हाई. गावात कुणालाच म्हाईत न्हाई. दोन पोरी हायेत, उद्या लग्नं व्हायची. लोक म्हणतील, ह्यांच्यात ह्यो रोग हाय."

"आणि आता?"

"मोबाइलवर एक व्हिडिओ आला. त्यो बघूनशान झोपच उडाली तिची. सारखं म्हणायची, काढून टाकू. मी म्हणालो, काय होत न्हाई, बघू नको ते. एवढंच म्हणालो मी."

व्हिडिओ त्याने मला दाखवला. आपल्याच तालुक्यातल्या एका वेब चॅनलचा. लाल अक्षरं, सायरनचा आवाज, आणि मथळा : 'छातीत टाइम बॉम्ब! सिलिकॉन घेतलेल्या महिलांना कॅन्सरचा धोका!' खाली एक नंबर, 'सुरक्षितपणे काढून मिळेल, दोन तासांत घरी.'

चॅनलचे मालक, संपादक, वार्ताहर आणि कॅमेरामन हे सगळे मिळून एकच गृहस्थ होते. त्यांना घरूनच उचलून माझ्यासमोर आणलं. गळ्यात ओळखपत्र, जेवणाचा हात अजून ओला.

"नंबर कुणाचा?"

"साहेब, पत्रकारितेत सोर्स सांगत नसतात."

"ही बातमी तुम्हीच बनवली?"

"मोठ्या चॅनलवर होती. आम्ही जरा ग्रामीण टच दिला."

मी खुर्ची त्याच्याजवळ सरकवली. "हे बघा दादा. ती बाई या घडीला कुणाच्या तरी टेबलावर आहे. तिला काही झालं, तर उद्याची बातमी तुम्ही द्यायची नाही, तुमच्यावर यायची. त्या बातमीत ग्रामीण टच मी देईन."

त्याने ओळखपत्र काढून खिशात घातलं. मला वाटतं, तेव्हाच तो बोलायला तयार झाला. "भांडगावला, हायवेच्या कडेला. टायरच्या दुकानावरचा मजला. डॉक्टर आपले जाहिरातदार आहेत. दुपारचेच येतात ते."

भांडगाव दौंड तालुक्यात, आमच्या हद्दीबाहेर. तिथल्या ठाण्याला कळवलं, ताईंना आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टर मॅडमना सोबत घेतलं, रुग्णवाहिका मागे लावली आणि निघालो. नवरा मागच्या सीटवर, दोन्ही हात गुडघ्यांत. वाटेत मॅडमनी तो व्हिडिओ पाहिला आणि संतापल्या.

"यात अर्धं खरं आहे, म्हणूनच लोक फसतात. काही प्रकारच्या इम्प्लांटमुळे क्वचित एक दुर्मीळ आजार होतो, असा इशारा डॉक्टरांनी खरंच दिलाय. पण त्याच इशाऱ्यात पुढं म्हटलंय, त्रास नसेल तर काढायची गरज नाही, फक्त तपासणी करत राहा आणि सूज किंवा गाठ दिसली तर लगेच दाखवा. पुढचं या गृहस्थांनी कापून टाकलं."

न्हावऱ्याच्या पुढं उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागलेली. एकेका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, वर मोठ्याने गाणी, सायरन कुणाला ऐकू जाणार? आमचा चालक शिव्या आवरत होता, मॅडम पुढे बसल्या होत्या म्हणून. पारगावचा पूल ओलांडताना तिकडच्या पोलिसांचा फोन आला.

"सर, पोचलो आम्ही. वर शटर बंद, बाहेरनं कुलूप. कोणी नाही."

मागच्या सीटवरून हुंदका आला. मी म्हणालो, "जागा सोडू नका."

चौफुल्यावरून वळून भांडगावला पोहोचलो. शटरला खरंच बाहेरून कुलूप होतं. टायरवाला सांगत होता, "आज डॉक्टर आले न्हाईत." पण वरच्या खिडकीखाली जमीन ओली होती. एसीचं पाणी थेंब थेंब पडत होतं. बंद खोलीत कुणी एसी लावून ठेवत नाही.

"कुलुपाची किल्ली तुझ्याकडेच ना?" मी टायरवाल्याला विचारलं. तो टायर रचायला लागला. ताई पुढे झाल्या, "देतोस भाऊ, का तुझ्या टायर उचकायच्या टॉमीनंच तोडू?" किल्ली गल्ल्यातून निघाली.

वर पडद्याआड एक टेबल, वर दिवा. ती बाई आडवी, अर्धवट शुद्धीत. गळ्यात पिवळा दोरा. हातमोजे घातलेला माणूस आम्हाला पाहून भिंतीला चिकटला. तो डॉक्टर नव्हता. सकाळी एका हॉस्पिटलात ऑपरेशनच्या वेळी ट्रे धरायचा, आणि दुपारी इथं सर्जन व्हायचा. चीर देऊन झाली होती. रक्त थांबत नव्हतं.

मॅडमनी त्याला बाजूला ढकललं आणि जखम दाबून धरली. "कुणी बोलू नका. स्ट्रेचर!" नवरा पुढे येऊन बायकोच्या उशाशी बसला. तिने डोळे किलकिले केले. "पोरी शाळेतनं आल्या का?" तिने विचारलं. त्याने तिच्या कपाळावरचे केस मागे सारले. मीच म्हणालो, "आल्या. वाट बघतायत." मग मी बाहेर जिन्यात येऊन उभा राहिलो. पोलिसाने कुठं उभं राहू नये, हे मला आयुष्यात उशिरा कळलं, पण कळलं.

पुण्याच्या ज्या डॉक्टरांनी पहिलं ऑपरेशन केलं होतं, त्यांच्याकडेच तिला नेलं. बाई वाचली. इम्प्लांट मात्र काढावं लागलं, कारण त्या बोगस माणसाच्या पात्याने ते फाटलं होतं आणि जखमेत जंतू गेले होते. डॉक्टर म्हणाले, "चांगलं बसलं होतं. काहीही दोष नव्हता त्यात."

दुसऱ्या दिवशी ठाण्यात कॅमेऱ्यांची रांग लागली. मी घरून तयारी करून आलो होतो. मॅडमनी सांगितलेला सगळा इशारा, पुढच्या भागासकट, नीट समजावून सांगितला. मला वाटलं, काम झालं. संध्याकाळी टीव्ही लावला, तर माझं पहिलं अर्धं वाक्य तेवढं ठेवलं होतं, "सिलिकॉनमुळे आजार होऊ शकतो, असा इशारा आहे," आणि त्यावर तोच सायरन. सायरन आमच्या जीपवरही असतो, पण तो आम्ही माणसाला वाचवायला निघालो की वाजवतो. घरात सगळे माझ्याकडे पाहत होते. मी रिमोट शोधत बसलो.

जबाब घ्यायला ताई हॉस्पिटलात गेल्या, त्यांच्याबरोबर मी. बाई उशांना टेकून बसली होती. सासूबाई शेजारी.

सासूबाई ताईंच्या कानाशी लागल्या, "बाई, गाठ काढली व्हती असं ल्हिवा. कागूद कोर्टात जायचा, चार लोक वाचत्यात."

मला ते पटलं, हे कबूल करतो. मीही म्हणालो, "शरीराच्या एका भागावर ऑपरेशन, असं लिहिलं तरी चालेल ताई. कायद्याला अडचण नाही."

बाई माझ्याकडे पाहत म्हणाली, "न्हाई सायेब. कॅन्सरमुळं डावा स्तन काढला, असं लिहा. मला कुणाला विचारायची सोय असती, तर मी त्या व्हिडिओवाल्याला कशाला विचारलं असतं? डॉक्टरकडं परत जायचं तर गाडी कुणाची, सोबत कोण, काय सांगून जायचं? त्यो म्हणाला, कुणाला कळणार न्हाई. आमाला तेवढंच हवं व्हतं, आन् त्याला ते म्हाईत व्हतं."

सासूबाईंनी पदर तोंडाला लावला, पण मध्ये बोलल्या नाहीत. ताईंनी लिहिलं. बाईने ते वाचून घेतलं आणि मग सही केली. त्या जबाबावर खटला उभा राहिला. बोगस सर्जन आणि चॅनलवाला दोघेही आरोपी झाले. फोन करून विहीर दाखवणारा भावकीतला निघाला. त्याला मी बोलावून एवढंच विचारलं, की बांधाचा वाद किती जुना आहे.

या प्रकरणाने मला काय शिकवलं? मिसिंगच्या तक्रारीत आम्ही उंची, रंग, कपडे, चप्पल, खुणा सगळं विचारतो. त्या दिवसानंतर, नोकरी होती तोवर, मी आणखी एक प्रश्न विचारत आलो : "घरात बाहेर सांगायचं नाही असं काय ठरलंय?" लोक आधी दाराकडे बघायचे. मग मी उठून दार लावून यायचो आणि खुर्ची थोडी जवळ ओढायचो.