खोबऱ्याच्या वाट्या आणि बदललेलं गेट

आमच्या गावात, रहिमतपूरपासून चार-पाच किलोमीटरवर, दूध डेअरीचा काटा सकाळी नऊनंतर मोकळा असतो. माझी बॅग त्या काट्यावर दोनदा चढली. पहिल्यांदा अठरा किलो आणि वर थोडं भरलं. विमानाच्या तिकिटावर पंधराच लिहिलं होतं. डेअरीतले दादा म्हणाले, "एवढं दूध आज सकाळी कुणी घातलं न्हाई गं." मी बॅग घरी आणून उघडली. आईनं चटणी, लाडू, थालीपिठाची भाजणी यातलं काही काढू दिलं नाही. मी दोन पुस्तकं, एक चादर आणि जाड चपला काढल्या. दुसऱ्यांदा चौदा किलो सातशे भरली. आई म्हणाली, "बघ, अजून जागा हाय." मी तेव्हा ते हसण्यावारी नेलं.

सांगलीला बीएस्सी झाल्यावर मला कर्नालला दुग्धशास्त्राच्या पुढच्या शिक्षणाला प्रवेश मिळाला. पत्र उशिरा आलं आणि पाच दिवसांत हजर व्हायचं होतं. रेल्वेला वेटिंग होतं. म्हणून पुण्याहून दिल्लीचं विमान. मी तोवर विमान फक्त आमच्या उसावरून जाताना पाहिलेलं, तेही मान वर करून.

आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, कर्नालपर्यंत सोबत यायचं होतं. पण त्याच आठवड्यात आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं होतं. आप्पा फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. घरात विमानात बसलेलं माणूस तेच एक. पण ते विमान माल नेणारं. बाजूच्या जाळीच्या पट्ट्यावर बसून, पाय पोत्यांवर ठेवून ते लेहला उतरले होते. त्यामुळं त्यांचा सल्ला थोडक्यात होता. "कागद हातातनं सोडायचं न्हाईत. लाईन सोडायची न्हाई. आन् कळंना तर इचारायचं. इचारायला लाजलं की माणूस चुकतंय."

खरी माहिती दिली ती सांगलीच्या मैत्रिणीनं. तिच्या घरी हळदीचा व्यापार. ती दोनदा विमानानं जाऊन आलेली. हॉस्टेल सोडायच्या दिवशी आम्ही कृष्णेच्या घाटावर बसलो आणि तिनं वहीचं एक पान भरून दिलं. तिकिटावरचं नाव आधारकार्डावर आहे तसंच्या तसं आहे का ते बघ. पॉवर बँक मोठ्या बॅगेत टाकू नकोस, जवळच्या पिशवीत ठेव. तेलकट लोणचं, तिखट असलं काही जवळ ठेवू नकोस, ते मोठ्या बॅगेत. पाण्याची बाटली रिकामी ने, आत भरून मिळते. स्वेटर वर ठेव. शेवटी लिहिलं होतं, रडू आलं तर बाथरूममध्ये जाऊन रड, कुणी बघत नाही. मी ते पान घडी करून आधारकार्डाबरोबर ठेवलं.

निघायच्या दिवशी साताऱ्याहून पहाटेची एसटी धरून आप्पा आणि मी स्वारगेटला उतरलो आणि तिथून रिक्षानं विमानतळावर पोचलो. विमान दुपारी एकचं. आम्ही साडेनऊलाच दारात. दारावर बंदूकधारी जवान. मी मोबाइलमधलं तिकीट आणि आधारकार्ड दाखवलं. आप्पा माझ्या मागून बॅग घेऊन आत यायला लागले, तसा जवानानं हात आडवा केला.

"साहब, टिकट?"

"बेटी को छोड़ना है. पहली बार जा रही है."

"टिकट के बिना नहीं जा सकते, साहब."

आप्पांनी त्याच्याकडं बघितलं. मला वाटलं, आता हे आपल्या नोकरीचं सांगणार. पण ते म्हणाले, "ठीक है, जवान," आणि बॅगेचा दांडा माझ्या हातात दिला. मला म्हणाले, "त्याला हुकूम हाय. जा तू. म्या हितंच हाय, इमान उडंपातुर."

मी आत गेले. काचेतून मागं पाहिलं तर ते खांबाला टेकून उभे होते, हाताची घडी घालून. त्या क्षणी मला मैत्रिणीच्या यादीतली शेवटची ओळ आठवली, पण बाथरूम कुठं आहे हेच माहीत नव्हतं. म्हणून मी सरळ काउंटरच्या रांगेत उभी राहिले.

काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, बॅगेत पॉवर बँक, लायटर, सुकं खोबरं वगैरे काही आहे का? मी ठासून नाही म्हणाले. बॅग पट्ट्यावरून डुलत आत गेली. बोर्डिंग पास हातात आला आणि मला वाटलं, झालं की. एवढंच तर होतं.

दहा मिनिटांत मोबाइल वाजला. अनोळखी आवाजानं माझं पूर्ण नाव घेतलं, वडिलांच्या नावासकट, आणि सांगितलं की सामान तपासणीच्या खोलीत या. मला पोलीस दिसायला लागले. कर्नालची जागा गेलेली दिसली. आप्पांना फोन लावावा असं वाटलं, पण ते आत येऊ शकत नव्हते. उगीच त्यांचा जीव टांगणीला. मग त्यांचंच ऐकलं आणि समोर झाडणाऱ्या बाईंना विचारलं. त्या झाडू भिंतीला टेकवून माझ्याबरोबर दारापर्यंत आल्या.

खोलीत एक चष्मेवाला माणूस माझ्या बॅगेपुढं उभा होता. म्हणाला, "ताई, उघडा." मी कुलूप काढलं. त्यानं स्क्रीनवर दोन गोल दाखवले आणि मी हात घातला तो नेमका हिवाळ्यासाठी घेतलेल्या स्वेटरच्या गुंडाळीत. आत खोबऱ्याच्या दोन वाट्या. बाहीत खुपसलेल्या. आईनं दुसऱ्या वजनानंतर ती तीनशे ग्रॅमची जागा मोकळी ठेवली नव्हती.

"मला माहीत नव्हतं हो," मी म्हणाले. "आईनं घातलं."

"आयाच घालतात," तो म्हणाला. "खोबऱ्यात तेल असतं, पेट घेतं. म्हणून सामानात चालत नाही." त्यानं बाजूची पेटी दाखवली. त्यात लायटर, पॉवर बँका आणि खोबऱ्याच्या चार-पाच वाट्या आधीच होत्या. माझ्या दोन त्यात पडल्या. मी एका कागदावर सही केली. "जा आता. बॅग जाईल."

"बस्स? एवढंच?"

"मग काय फाशी देऊ?" तो हसला. मी बाहेर आले आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिले. एवढं हलकं मला बारावीच्या निकालालाही वाटलं नव्हतं.

सुरक्षा तपासणीच्या रांगेत माझ्या पुढं नऊवारीतल्या एक मावशी होत्या. ट्रेमध्ये पिशवी ठेवायला त्या तयार नव्हत्या. तिथली बाई हिंदीत समजावत होती आणि मावशी मराठीत नाही म्हणत होत्या. "पिशवी माझ्यासंगंच येनार. आत बाळंतविडा हाय." मी म्हटलं, "मावशी, ती पलीकडं निघते. आपण चालत जायचं, पिशवी पट्ट्यावरनं येते. बघा, माझी पण ठेवते." मी माझी आधी ठेवली. त्यांनी माझ्याकडं एकदा, पट्ट्याकडं एकदा बघितलं आणि पिशवी सोडली. पुढं पाटल्यांमुळं यंत्र वाजलं, त्यांना पडद्याआड नेलं, आणि पलीकडं त्यांचे मालक जीव मुठीत धरून दोन पिशव्यांशी उभे.

ते पाटणकडचे. मुलगा दिल्लीला फौजेत, त्याला मुलगी झालेली, म्हणून दोघं निघालेले. मुलानंच तिकीट काढून पाठवलं होतं. मावशींच्या यजमानांनी, म्हणजे मामांनी, बोर्डिंग पास पुढं केला. "ह्ये बघ बरं, पोरी. आमी बराबर हाय का?" विमान माझंच होतं.

"व्हय मामा. एकाच विमानात हाय आपण."

"लय बेस झालं," ते म्हणाले आणि तिथंच खुर्चीवर बसले. मला आतून वेगळंच वाटलं. सकाळपासून मी विचारत होते. आता मला कुणी विचारत होतं, आणि मी उत्तर दिलं होतं.

पासवर लिहिलेल्या गेटपाशी आम्ही तिघं बसलो. मी बाटली भरून आणली, आप्पांना फोन करून सगळं ठीक सांगितलं, खोबऱ्याचं सोडून. मग मोबाइल बघत बसले. किती वेळ गेला कळलं नाही. मामा मात्र इकडं तिकडं बघत होते. एकदम वाकून म्हणाले, "पोरी, एक इचारू? आपला कागद तांबड्या पट्ट्याचा. हितं बसलेल्या समद्यांच्या हातात निळा कसा?"

मी बघितलं. खरंच. एकूण एक निळा, दुसऱ्याच कंपनीच्या विमानाचा. मी उठून मोठ्या पाटीपाशी पळाले. दिल्लीच्या ओळीपुढं गेटचा नंबर बदललेला, आणि त्यापुढं इंग्रजीत लिहिलेलं की लोक चढायला लागलेत. तिथं कुणी पुकारत नाही, पाटीच बघायची असते, हे मैत्रिणीच्या पानात नव्हतं. का होतं, आणि मीच वाचलं नव्हतं, ते अजून मला नक्की सांगता येत नाही.

नवीन गेट पार दुसऱ्या टोकाला. मावशींचे गुडघे दुखत होते. त्या म्हणाल्या, "तू पळ बाय. आमी येतो मागनं." क्षणभर मला खरंच पळावंसं वाटलं. ते मी आज लपवत नाही. पण ज्या माणसानं पट्टा ओळखला त्याला मागं ठेवून कुठं पळणार? मी मावशींची पिशवी घेतली, मामांनी त्यांचा दंड धरला, आणि आम्ही निघालो. वाटेत बॅटरीची एक गाडी दिसली. मी हात केला, लाजले नाही. गाडीवाल्यानं मावशींना आणि पिशव्यांना बसवलं. मामा आणि मी मागून झपाझप. त्या वयात त्यांची चाल बघून मला धाप लागली.

गेटवर रांग अजून होती. चांगली पंधरा-वीस माणसं. आम्ही शेवटचेसुद्धा नव्हतो, मागून अजून लोक येत होते. मावशी गाडीतून उतरून आमचीच वाट बघत होत्या. "किती वेळ लावला तुमी," त्या म्हणाल्या, आणि आम्ही तिघंही एवढं हसलो की पुढचा सुटाबुटातला माणूस वळून बघायला लागला.

विमानात माझी जागा त्यांच्या मागच्या ओळीत. पट्टा कसा लावायचा ते मी पुढं वाकून दाखवलं, मी स्वतः दोन मिनिटांपूर्वी शेजारच्या बाईंचं बघून शिकलेली. मोबाइल बंद करायच्या आधी आप्पांना फोन केला.

"बसलीस?"

"बसले."

"पट्टा?"

"लावला."

"मग म्या आता च्या घेतो," ते म्हणाले. पहाटेपासून त्या माणसानं पाण्याचा घोटसुद्धा घेतला नव्हता, हे मला तेव्हा कळलं. तेवढ्यात विमान हललं आणि दुसरं काही सुचायला जागाच राहिली नाही. पाठ खुर्चीला चिकटली, पोटात झोपाळ्यासारखं झालं, आणि खाली पत्र्याची छपरं, मग रस्ते, मग ढग. कान दडपले तेव्हा पुढच्या खुर्चीच्या फटीतून मावशींचा हात आला. तळहातावर शेंगदाणे आणि गुळाचा खडा. "चाव. कान मोकळं व्हतील. घाटात एसटीत बी असंच व्हतंय."

मी आता सांगलीतच एका कॉलेजात शिकवते. दरवर्षी कुणी ना कुणी पहिल्यांदा एकटं विमानानं निघतं आणि तास संपल्यावर दाराशी घुटमळतं. मी त्यांना कागदांचं सांगते, वजनाचं सांगते, दर पंधरा मिनिटांनी उठून पाटी बघायला सांगते. स्वतःची बॅग स्वतः भरा, आणि भरल्यावर आईनं परत उघडली का ते विचारा, असंही सांगते. ती हसतात. पण सगळ्यात जास्त मी हे सांगते की चूक झाली तर तिथली माणसं बहुतेक वेळा चूक निस्तरायलाच बसलेली असतात. हे ऐकून त्यांचे खांदे खाली येतात. मला कुणी आधी सांगितलं असतं तर त्या खोलीच्या दारात मी एवढी घाबरले नसते.

त्या दिवशी दिल्लीला उतरल्यावर सामानाच्या पट्ट्यापाशी माझी बॅग अकरावी का बारावी आली. तिला बघून मला गावची म्हैस दिसल्यासारखा आनंद झाला. बाहेर मामांचा मुलगा उभा होता, साध्या कपड्यांत, पण उभं राहणं फौजेचं. तो आईच्या पाया पडला आणि तिथंच मावशींनी फोनवर नातीचा फोटो मागितला. तो दाखवीपर्यंत मामांनी माझी सगळी कहाणी त्याला सांगितली, आणि त्यात धावपळीचं श्रेय मला नि पट्टा ओळखल्याचं स्वतःला दिलं, जे बरोबरच होतं. मुलानं मला कर्नालच्या बसपर्यंत आणून सोडलं, कंडक्टरला माझा थांबा सांगितला, आणि स्वतःचा नंबर दिला. "ताई, दिल्लीत काही अडलं तर फोन करा."

बस शहराबाहेर पडली. दोन्ही बाजूंना भाताची हिरवी रोपं, पाण्यात उभी. आमच्याकडं ऊस दिसतो, तिथं भात. मी खिडकीला डोकं टेकवलं. वाटलं होतं, आता घरची आठवण येईल. पण आली ती झोप, अशी गाढ की कर्नाल आल्यावर कंडक्टरनं तिकिटाच्या पंचानं खांबावर टकटक करून मला उठवलं. बाहेर हॉस्टेलच्या बाई नावाची पाटी घेऊन उभ्या होत्या. नावातली दोन अक्षरं चुकली होती. मी हात वर केला आणि म्हणाले, "मीच ती," आणि ते मराठीतच म्हणाले, तरी त्यांना कळलं.