रेमीजोची जागा

देल्फीना पित्सोकेरीत अळंबी घालते, हे आमच्या कोस्ताल्ताच्या वस्तीत सगळ्यांना ठाऊक आहे. खाली तेल्यो गावात, जिथला हा पदार्थ, ते कुणाला सांगायचं नाही, हेही सगळ्यांना ठाऊक आहे. तिथल्या लोकांना कळलं तर कपाळाला हात लावतील. कुट्टूच्या पिठाच्या पट्ट्या, बटाटा, कोबी, कासेरा चीज आणि लसणाचं तांबूस लोणी, एवढंच काय ते. वर आणखी काही घातलं की त्यांच्या लेखी बाटलंच. देल्फीनाला त्याचं सोयरसुतक नाही. "ते खाली बसून नियम करतात," ती म्हणायची, "इकडे माझा नवरा टोपली भरभरून आणतो. त्याचं काय करू मग, कोंबड्यांना घालू?"

नवरा रेमीजो. गेल्या हिवाळ्यात तो गेला. बडबड्या बाईला मुका नवरा मिळतो म्हणतात ना, तसा तो होता. देल्फीना सकाळी चूल पेटवली की बोलायला लागायची ती रात्री दिवा मालवेपर्यंत. कोंबड्यांशी बोलेल, कढईशी बोलेल, खिडकीतून रस्त्यावरच्या माणसाशी बोलेल, आणि रस्त्यावर कुणी नसलं तर उगाच बोलेल. रेमीजो मान हलवायचा. अळंबीच्या दिवसांत मात्र तो पहाटे अंधारातच टोपली घेऊन निघायचा आणि जेवायच्या वेळेला परत यायचा. टोपलीत काळ्याभोर टोप्यांची, आखूड जाड देठांची अळंबी. अशी अळंबी वस्तीत दुसऱ्या कुणालाच मिळायची नाहीत.

कुठून आणतो, हे तिनं संसारभर विचारलं नाही. विचारायचं नसतंच. आमच्याकडे माणूस आपली जमीन वाटून देईल, गाय देईल, पण अळंबीची जागा सांगणार नाही. मरताना एकाला सांगायची, तीही अळंबी वेचणाऱ्यालाच. बायकोला तर नाहीच नाही, कारण बायकोला बहिणी असतात.

तिची स्वतःची खात्री होती की तो पार वर, ओढ्याच्या पलीकडे कुठेतरी जातो. परत आला की त्याचे बूट बाहेर काढायला लावायची, पाय दाबून द्यायची. एवढं चढून जातो म्हणून त्याच्या ताटात लोण्याचा चमचा जास्त पडायचा.

तो गेल्यावर तिला रडू येईना. राग मात्र यायचा. "जागा बरोबर घेऊन गेला मेला," ती धाकट्या बहिणीला, ओर्नेल्लाला म्हणायची. "अळंबीचं मला काही नाही गं. पण एवढी वर्षं रोज सकाळी हा माणूस कुठे होता, ते मला माहीत नाही. बायकांना आपल्या नवऱ्याची सगळी ठिकाणं माहीत असतात. मला त्याची कबर तेवढी माहीत आहे."

सप्टेंबरात देवळाचा सण आला. त्या दिवशी सगळी वस्ती देल्फीनाच्या अंगणात जेवते, पहिल्यापासून तसंच आहे. तिनं जाहीर करून टाकलं होतं की यंदा साधी पित्सोकेरी, तेल्योवाल्यांना आवडेल तशी. सणाच्या सकाळी ती कुट्टूचं पीठ चाळत होती. कुट्टूला चिकटपणा नाही, म्हणून त्यात थोडं गव्हाचं मिसळत होती, तेवढ्यात दारात एवारिस्तो उभा राहिला.

एवारिस्तो रेमीजोच्या शाळेतला. दोघं आयुष्यभर एकमेकांच्या जागेच्या मागावर असायचे. तो वरच्या सूचिपर्णी रानात वेचायचा, आणि त्याच्या अळंबीला नेहमी सुयांसारखी पानं चिकटलेली असायची. देल्फीना दर सणाला भर पंगतीत त्याला ऐकवायची, "एवारिस्तो, तुझी अळंबी किड्यांनी आधीच चाखलेली असतात." तो हसून खायचा.

आज त्यानं टोपली टेबलावर ठेवली. "घे. सणाला असू देत."

देल्फीनानं एक अळंबं उचललं. आखूड जाड देठ, काळीभोर टोपी. देठाला चेस्टनटच्या बोंडाचा काटा अडकला होता. ती बराच वेळ काहीच बोलली नाही. तेव्हाच एवारिस्तो घाबरला.

"ओर्नेल्ला, पीठ तू मळ," ती म्हणाली आणि त्याच्या बाहीला धरून त्याला कोंबड्यांच्या खुराड्यामागे घेऊन गेली. "ही त्याची आहेत."

"अळंबी काय कुणाच्या नावावर असतात..."

"एवारिस्तो."

त्यानं टोपी काढली. "दवाखान्यात सांगितलं त्यानं मला. शेवटच्या आठवड्यात."

"तुला. ज्याला आयुष्यभर चुकवत होता, त्याला. मी उशाशी बसून होते, रात्रंदिवस, आणि सांगितलं तुला."

"अगं रीत आहे ती. मी काय करू? शपथ घातली त्यानं."

"मग माझीही रीत आहे. जागा दाखव, नाहीतर आज या घरात चूल पेटणार नाही. लोकांना तू सांग का ते."

"देल्फीना, मेलेल्या माणसाची शपथ आहे."

"मी जिवंत आहे ना अजून? माझं काय?" आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिचे डोळे भरून आले. "मला एक अळंबं नको तिथलं. मला फक्त बघायचंय तो कुठे असायचा."

एवारिस्तोनं दोन्ही हातांनी टोपी पिळली. मग म्हणाला, "चल."

ती शाल आणि काठी घ्यायला वळली, कारण ओढ्यापलीकडची चढण तिच्या गुडघ्यांना झेपणारी नव्हती. "काठी राहू दे," तो म्हणाला. तो अंगणातून निघाला, धुण्याच्या टाक्याला वळसा घातला, पडक्या बांधावरच्या हेझलच्या जाळीत शिरला आणि थांबला. आत चेस्टनटची चार म्हातारी झाडं, खाली ओली पानं, आणि बांधाचा एक सपाट दगड. दगड बसून बसून गुळगुळीत झाला होता.

देल्फीनानं मागे पाहिलं. जाळीच्या फटीतून तिच्या घराचं छप्पर दिसत होतं.

"हीच?"

"हीच."

"इथे यायला तो पहाटे उठायचा?" तिला हसावं की रडावं कळेना. "अरे, मी त्याचे पाय दाबून दिले. वर्षानुवर्षं. अळंबी वेचायला इथे किती वेळ लागतो?"

"फारसा नाही."

"मग बाकीचा वेळ काय करायचा हा माणूस?"

एवारिस्तोनं बोटानं घराकडे दाखवलं. खालून, स्वयंपाकघराच्या खिडकीतून, ओर्नेल्लाचा आवाज आला. बहिणी दोघी एकाच गळ्याच्या. पीठ फुटतंय, पाणी कमी पडलं, ही कोंबडी परत दारात आली, देवा या बाईनं मीठ कुठे ठेवलंय, सगळं शब्दन् शब्द ऐकू येत होतं.

देल्फीनाचा चेहरा पडला. "माझ्यापासून सुटका म्हणून यायचा."

"मीही तेच म्हणालो त्याला," एवारिस्तो म्हणाला. "म्हटलं, बायकोला एवढा कंटाळलास तर जरा लांब तरी जायचंस. तर म्हणाला, लांब गेलं की ती ऐकू येत नाही. इथून ऐकू येते, आणि उत्तरही द्यावं लागत नाही."

ती दगडावर बसली. पदर असता तर तोंडाला लावला असता, तिनं एप्रन लावला आणि पोटभर रडून घेतलं. एवारिस्तो पाठ फिरवून चेस्टनटची बोंडं पायानं सारत राहिला. मग तिनं नाक पुसलं आणि विचारलं, "तुझ्या अळंबीबद्दल घरात बोलायचे, तेही ऐकलं असेल त्यानं?"

"मला येऊन सांगायचा. आपल्या पदरचं घालून."

घरी येऊन तिनं ओर्नेल्लाला बाजूला सारलं. पीठ पुन्हा मळलं, जाडसर लाटलं, करंगळीएवढ्या पट्ट्या कापल्या. बटाटे आणि कोबी उकळत्या पाण्यात गेले, मागोमाग पट्ट्या. अळंबी लोण्यात परतली. झाऱ्यानं एक थर निथळून काढायचा, वर चीज, वर अळंबी, पुन्हा थर. लसूण आणि सेजची पानं लोण्यात तडतडायला लागली, तशी तिनं खिडकी सताड उघडली. अंगणात लोक जमले होते, पण ती त्यांच्याकडे बघत नव्हती.

"लोणी यंदा जास्त घातलंय," ती बांधाच्या दिशेनं, नेहमीपेक्षा जरा मोठ्यानं म्हणाली. "डॉक्टरनं तुला बंद केलं होतं, पण आता चालतंय. एवारिस्तोला पहिलं ताट देतेय, तेवढं ऐकून घे. आणि उत्तर देऊ नकोस, मला अजून बरंच बोलायचंय."